येणे बाकी

वेंगुर्ले चित्रकला मंडळाचं कपाट
अखेर मीच उघडलं, कारण चावी माझ्याकडे होती,
आणि चावी माझ्याकडे होती कारण
बाकीचे सगळे एकेक करून भिंतीवरच्या फोटोत गेले.

धर्मादाय कचेरीचं पत्र आलंय:
मंडळ चालू की बंद, पंधरा दिवसांत कळवावे.

आत वाळवी. खारीच्या केसांचे दोन ब्रश,
टर्पेंटाइनची बाटली, जिच्यात आता नुसता वास,
आणि लाल पुठ्ठ्याची इतिवृत्ताची वही.
पहिली सभा: नारळी पौर्णिमा, एकोणीसशे सदतीस,
दुल्बा खवणेकराच्या सोड्याच्या दुकानामागची पडवी.
हजर अकरा. वर्गणी चार आणे. तिघांनी दिली.

ठराव पहिला: मंडळ असावे.
ठराव दुसरा: निसर्गचित्रांत माड
जरूर तेवढेच घालावेत.
तिसऱ्यावर रात्रीचा दीड वाजला:
पाट्या रंगवणारा कलावंत, की कारागीर?
लाडू चितारी दाराशीच उभा होता,
नखांत कुठल्याशा बेकरीचा निळा.
मुंबईची परीक्षा देऊन आलेले केनवडेकर मास्तर म्हणाले,
अक्षर म्हणजे चित्र नव्हे.
सात विरुद्ध चार.
पुढचं वहीत नाही, वडलांनी सांगितलेलं.
लाडू म्हणाला,
"माका घेव नकात. पण तुमची पाटी कोण लिवतलो?"

त्यानेच लिहिली.
मास्तरांच्या खाडीवर, गलबतांवर, संध्याकाळींवर
बुरशीने केव्हाच आपली खाडी काढली.
पाटी अजून दारावर आहे.
त्यातला 'मंडळ'चा ळ बघा कधी आलात तर:
ओहोटी आणि भरतीच्या मधे पाणी
क्षणभर उभं राहतं ना, तसा.

एक्केचाळीस साली शाळेच्या हॉलात प्रदर्शन.
यादीत सव्विसावं नाव: कु. नाबर.
समितीने कुमार वाचलं.
उद्घाटनाला कुमुदिनी आली,
नऊवारी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट,
चौकटीतही वर्तमानपत्रच,
आणि त्यावर एक बांगडा.
फक्त एक. पाठीवर त्या हिरव्या वळणदार रेघा,
डोळा अजून पुरता मेला नाही असा.
मासळीचं कसलं चित्र, म्हणाले लोक,
आणि तिथेच उभे राहिले.

सबंध प्रदर्शनात तेवढंच विकलं गेलं.
कस्टमचा एक साहेब, सात रुपये,
पगार झाला की देतो म्हणाला,
चित्र घेऊन गेला, आणि बदली झाली.

तिथून पुढे दर वर्षीच्या ताळेबंदात
एक ओळ: येणे बाकी रु. ७.
आधी दुल्बाचं मोडी वळणाचं अक्षर,
मग पेद्रू आल्मेडाचं, डावीकडे झुकलेलं.
नवे पैसे आले, तेव्हा सात रुपये शून्य नवे पैसे.
मग वडील. मग मी, बॉलपेनने.
सभासद चौदा, नऊ, पाच, दोन.
येणे बाकी सात.

वहीत दोन पोस्टकार्डं सापडली, बेळगावची, लग्नानंतरची.
पहिलं: पैसे आले का?
दुसरं अकरा वर्षांनी:
पैसे राहू देत. चित्र कुठे आहे?
उत्तराची नक्कल नाही.

कचेरीतला कारकून फोनवर हसला.
शून्य केल्याशिवाय बंद होत नाही हो,
टाका खिशातून, सात रुपये ते काय!

खिशात दहाचं नाणं होतं.
काढलं. वहीवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.
कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी जेवणघरात
तो बांगडा अजून ओला असेल,
आणि खाली बसून जेवणाऱ्यांना
तो कुणी काढला, ठाऊक नसेल.

नाणं परत खिशात टाकलं. पत्र लिहिलं:
मंडळ चालू आहे.
येणे बाकी रुपये सात.
वसुलीचे प्रयत्न जारी.

मग स्टूल आणून पाटीवरची जळमटं काढली.
ळ ला फडकं लावलं नाही.